शून्यावर ठेवलेला डोळा

गावी गेलो की चौकात कोणी ना कोणी गाठतंच. "का गा दिलीप, तू त्या बरफात जाऊन करते तरी काय?" पहिली दोन वर्षं मी सांगत होतो, "जहाजावर आहे." त्यानं लोकांचं समाधान व्हायचं. जहाज म्हटलं की गावातली माणसं पुढं विचारत नाहीत. खरं काम सांगायची मला लाज वाटायची, कारण खरं काम म्हणजे झिंगे निवडणं.

नवेगाव बांधच्या तळ्याकाठी आमची ढिवरांची आळी आहे. आमच्यात जाळं पुरुषानं टाकायचं आणि माल बाईनं निवडायचा. सुपाजवळ पोरगा बसला तर आळीतल्या बाया टिंगल करतात, "का वो पोरी, कोनाच्या घरी देऊ तुले?" त्यामुळे मी लहानपणापासून सुपाकडे पाठ करूनच बसायचो. आता पृथ्वीच्या टोकाला जाऊन हा माणूस तेच करून राहिला, हे कोणत्या तोंडानं सांगणार?

या अंकाच्या संपादकांनी कामाबद्दल लिहा म्हटलं, तेव्हा आधी नाही म्हणणार होतो. मी आठवीत शाळा सोडलेला माणूस. पण एक गोष्ट अशी घडली की ती आठवली की अजून हातातलं काम थांबतं. ती कुठंतरी लिहून ठेवायला पाहिजे. म्हणून लिहितो.

आधी काम समजावून सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही.

अंटार्क्टिकाच्या समुद्रात क्रिल नावाचा जीव असतो. दिसायला आपला झिंगाच. पूर्ण वाढला की माणसाच्या करंगळीएवढा, लालसर, अंग काचेसारखं. पोटातलं हिरवं खाणं बाहेरून दिसतं. डोळे काळे कुळकुळीत. तिकडचे देवमासे, सील, पेंग्विन, सगळे याच्यावर जगतात. एवढं मोठं धूड एवढ्याशा झिंग्यावर कसं जगतं, हे मला खरंच वाटत नव्हतं. मग एकदा देवमासा बोटीजवळून गेला आणि मागं पाण्यात लाल-केशरी ढग सोडून गेला. मी घाबरून ओरडलो, "रक्त! त्याला लागलंय!" आमच्या डेकचा मुकादम फ्रान्सिस, गोव्याचा, हसून हसून कठड्याला टेकला. "अरे गोंदिया, तो हगलाय रे! क्रिल खाल्लं की तसंच होतं." त्या दिवसापासून बोटीवर माझं नाव गोंदिया पडलं. नवेगाव गोंदियापासून किती लांब आहे ते मी त्याला दोनदा सांगितलं, मग सोडून दिलं.

आपल्या तळ्यात झिंगा कुठं मिळणार ते ठरलेलं असतं. काठाच्या गवतात, रोपांच्या मुळाशी. तिकडं तसं नाही. दिवसभर बोट चालवा, जाळ्यात नुसतं पाणी येईल. मग एकाएकी यंत्राच्या पडद्यावर काळा डाग उमटतो, आणि खाली अख्ख्या गावाएवढा थवा निघतो. अर्धा तास पुढं गेलं की पुन्हा काही नाही. हे असं का, थवे कुठं असतात, त्यांतले किती जुने आणि किती नव्यानं जन्मलेले, वर्षागणिक वाढले की घटले, हे शोधायचं आमच्या बोटीचं काम. ठरलेल्या जागी थांबायचं, चौकटीचं मोठं जाळं खाली सोडायचं, ओढायचं, वर घ्यायचं आणि आलेलं मोजायचं. अशा एका जागेला ठाणं म्हणायचं. कुठल्या भागात किती क्रिल पकडू द्यायचं हे जे लोक ठरवतात, त्यांच्यापर्यंत हे आकडे जातात. पिल्लं भरपूर असली तर पुढचं वर्ष चांगलं, म्हणजे पकडायला मोकळीक. पिल्लं नसली तर हात आवरा.

या बोटीवर मी गेलो तो जाळं सांधणारा म्हणून. निवडायला नाही.

अंबिका मॅडम आमच्या प्रमुख. केरळच्या, पन्नाशीच्या आसपास, उंचीनं मायपेक्षाही लहान. गोव्याच्या धक्क्यावर त्यांचं जाळं फाटून पडलं होतं आणि मी तिथं दुसऱ्या बोटींची जाळी सांधत होतो. दीड दिवस बसून मी ते सांधलं. मॅडमनी पट्टी घेऊन एकेक डोळा मोजला. जाळ्याच्या भोकाला आम्ही डोळा म्हणतो. एकही कमीजास्त निघाला नाही. "कुठल्या कॉलेजात शिकलास?" त्यांनी विचारलं. मॅडम हिंदीत बोलतात, मी इथं मराठीत लिहितो. मी म्हटलं, "तळ्यात." दुसऱ्या वर्षी त्यांनी मला बोटीवर घेतलं. बाबा वारले त्याला तेव्हा सहा महिने झाले होते, धाकट्या बहिणीचं शिक्षण राहिलं होतं. त्या माऊलीनं काय केलं माझ्यासाठी, ते लिहायला बसलो तर दुसरा अंक काढावा लागेल. माझ्यासारख्याला कोण घेतो हो जहाजावर? मी रोज सकाळी उठून तेच म्हणत होतो, आणि रोज भीतही होतो. आज नाही तर उद्या कळेल यांना, हा आठवी नापास आहे.

ती सफर तिकडचा हिवाळा संपतानाची होती, आपल्याकडची दिवाळीची वेळ. आफ्रिकेच्या टोकावरच्या बंदरातून भाड्याची बोट निघाली. बर्फाच्या कडेला पोचलो आणि चौथ्याच दिवशी मॅडमचे मदतनीस शशांक सर डेकवर घसरले. मनगट मोडलं. निवडायचं आणि मोजायचं काम ते करत होते. दुसरा माणूस नव्हता. मॅडम पाण्याची गरमी, खारटपणा, यंत्रांचे कागद यांतच दिवसभर बुडालेल्या. त्यांनी मला प्रयोगशाळेत बोलावलं.

"दिलीप, तुझं तर घरचंच काम आहे. झिंगे निवडता येतात ना?"

आता इथं मी सांगायला पाहिजे होतं, की मॅडम, आमच्याकडं ते काम बाया करतात, मी जन्मात एक झिंगा निवडला नाही. पण त्या इतक्या विश्वासानं पाहत होत्या. मी म्हटलं, "हो."

काम सोपं होतं. पोलादी टेबल, त्यावर पट्टी. क्रिल चिमट्यात धरून त्याचा डोळा पट्टीच्या शून्यावर ठेवायचा आणि शेपटीचं टोक कुठं येतं ते लिहायचं. ठरलेल्या खुणेच्या वर गेला तर पांढऱ्या टबात, मोठा. खाली राहिला तर निळ्या टबात, पिल्लू. शेवटी दोन्ही टबांतून एकेक मगभर माल बाटलीत घालायचा, वर औषध ओतायचं म्हणजे तो टिकतो, चिठ्ठी लावायची, खोक्यात ठेवायची. उरलेला समुद्रात. घरी परतल्यावर त्या बाटल्या उघडून सूक्ष्मदर्शकाखाली सगळं पुन्हा तपासतात. म्हणजे माझ्यासारख्याची चूक तिथं सापडावी, अशी सोय आधीच केलेली.

पहिल्या ठाण्याला माल आला. मोजला. निळा टब भरत आला. मॅडम डोकावून गेल्या, "अरे वा, एवढी पिल्लं?" आणि निघून गेल्या. मी मग घेतला, निळ्या टबात घातला, आणि माझा हात पुढं जाईना.

आमच्या आळीचा एक कायदा आहे. लिहिलेला नाही, पण आहे. पिल्लू परत पाण्यात जातं. कोणाच्या टोपलीत पिल्लं सापडली तर पंच बसतात, आणि त्या घरचं जाळं महिनाभर तळ्यात जात नाही. एकदा माझ्या काकाचं जाळं असं महिनाभर वळणीवर लटकलं होतं. त्या महिन्यात काकू आमच्या घरी भाजी मागायला यायची, ते मी पाहिलं आहे. पिल्लू धरणं म्हणजे काय, ते माझ्या हातात असं बसलेलं होतं. आणि इथं ती पिल्लं मी त्या झोंबऱ्या औषधात बुडवायची?

मी पांढऱ्या टबातले दोन मग बाटलीत घातले. चिठ्ठी लावली. निळा टब उचलून नेला आणि सगळा समुद्रात ओतला.

मेलेले होते ते. मला दिसत होतं. तरी ओतले. अकरा ठाण्यांना मी हेच केलं. कागदावर आकडे खरे लिहिले, मोठे इतके, लहान इतके. एक आकडाही खोटा नाही. फक्त बाटल्यांत लहान नव्हते. मनात म्हटलं, कागदावर आहेत ना, मग बाटलीत कशाला पाहिजेत? शाळेत जास्त दिवस राहिलो असतो तर हा प्रश्न कोणालातरी विचारला असता, असं आता वाटतं.

अकराव्या ठाण्यानंतर जेवणाच्या टेबलावर मॅडमनी ग्लासवर चमचा वाजवला. "यंदा बर्फाखाली पिल्लंच पिल्लं आहेत. कित्येक वर्षांत अशी बातमी नव्हती. मी आजच मेल पाठवला." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग त्यांनी माझ्याकडं बोट दाखवलं. "आणि हे सगळं दिलीपनं मोजलं." फ्रान्सिसनं पाठीत असा गुद्दा घातला की घास अडकला. मी आयुष्यात एवढा खूश कधी झालो नव्हतो.

रविवारी प्रत्येकाला घरी बोलायला पंधरा मिनिटं इंटरनेट मिळायचं. आमची बोट हिंदी महासागराच्या अंगाला होती, त्यामुळे घड्याळात फार फरक नव्हता. इकडं सकाळ, तिकडं दुपार. माझी भाची पिंकी हिच्या फोनवर माय दिसली. अंगणात सूप घेऊन बसलेली, पुढ्यात झिंग्यांचा ढीग. मी त्या दिवशी हवेत होतो. ओतल्यावरही निळ्या टबाच्या तळाशी थोडे क्रिल चिकटून राहिले होते, त्यातला एक तळहातावर घेतला आणि कॅमेऱ्यासमोर धरला.

"पाय वो माय, इथले झिंगे."

"येवढूसे? येवढ्या दूर गेला अन् येवढूसेच?"

"मोठे बी असतेत. हे पिल्लू होय."

"जरा जवर आन तं."

मी हात कॅमेऱ्याजवळ नेला. मायनं पिंकीच्या हातातून फोन घेतला. पडद्यावर नुसतं मायचं कपाळ आणि एक डोळा दिसत होता.

"हे पिल्लू नोहोय."

"होय वो. पट्टीनं मोजलं मी."

"पट्टी गेली खड्ड्यात. डोरे पाय ना त्याचे, डोरे! डोरे मोठ्याचे अन् आंग पोट्ट्याचं. हा जुना झिंगा होय बाप्पा. उपाशी राह्यला म्हनून असा झाला. ज्या साली तऱ्याचं पानी आटते, त्या साली आपल्या इथं नाही का असा माल येत? डोस्कं मोठं अन् आंगावर काही नाही. पिल्लू म्हनून इकला तं गिऱ्हाइकीन दुसऱ्या बजाराले येऊन तोंडावर फेकते." मग एकदम थांबून म्हणाली, "पर तू काऊन निवडून राहिला? तुले तं जाराच्या कामावर नेलं होतं ना?"

फोन कटला. पंधरा मिनिटं संपली होती.

मी पांढऱ्या टबात उरलेला एक मोठा क्रिल काढला. तो आणि तळहातावरचा, दोन्ही टेबलावर शेजारी ठेवले. एक करंगळीएवढा, एक त्याच्या निम्म्याहून थोडा जास्त. डोळे मात्र दोघांचे सारखे, मोहरीच्या दाण्यासारखे, जुळे भाऊ असावेत तसे. दुसरा काढला. तिसरा. निळ्या टबातले दहा-बारा रांगेत लावले. सगळ्यांचे डोळे मोठे. त्यांत दोनच असे निघाले ज्यांचा डोळा अंगाच्या मापाचा होता. ती खरी पिल्लं.

शेकड्यांनी क्रिल मी हातात धरले होते. प्रत्येकाचा डोळा चिमट्यानं अचूक शून्यावर ठेवला होता. आणि एकदाही त्या डोळ्याकडं पाहिलं नव्हतं. पाहिली फक्त शेपटी.

आणि बाटल्या? चूक सापडायची जी एकच जागा होती, ती मी माझ्या हातानं समुद्रात ओतून टाकली होती.

दोन दिवस मी जेवणाच्या टेबलावर गेलो नाही. फ्रान्सिसला कळलंच काहीतरी आहे. त्याला सांगितलं तर तो शांतपणे सुपारी चघळत राहिला.

"कोणाला माहीत आहे?"

"मायला."

"तुझी माय किती क्रिल पकडायचं ते ठरवणाऱ्यांच्या सभेत जाऊन बोलणार आहे का? मग गप बस. तू बोललास तर तू घरी, आणि तुझ्याआधी ती बाई घरी. तिनं तुला उभा केला, आता तूच तिला पाण्यात ढकलणार?"

हेच तर माझ्या पोटात होतं. स्वतःसाठी भीती होतीच, खोटं कशाला सांगू. पण मॅडमनी ग्लासवर चमचा वाजवला होता. सगळ्यांपुढं, परदेशी लोकांपुढं. ज्यांच्यामुळं आमच्या घरात बहीण कॉलेजला जाऊन राहिली, त्यांचं तोंड मी काळं करायचं? आणि न बोललो तर तिकडं कोणीतरी कागद पाहून म्हणणार, भरपूर पिल्लं आहेत, सोडा जाळी. उपाशी म्हाताऱ्यांवर जाळी.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी प्रयोगशाळेत गेलो. मॅडम कॉम्प्युटरवर होत्या. मी दोन क्रिल टेबलावर ठेवले, एक मोठा, एक लहान, आणि म्हटलं, "मॅडम, डोळे पाहा."

त्यांनी पाहिलं. चष्मा काढला, भिंग घेतलं, पुन्हा पाहिलं. बराच वेळ भिंग खाली आलं नाही.

"सगळे असे?"

"बहुतेक."

"बाटल्या आण."

"मॅडम…"

"बाटल्या आण, दिलीप. अजून काही बिघडलं नाही. बाटल्यांत आहेत ना."

मी खोकं आणलं. त्यांनी पहिली बाटली उघडली, ताटलीत ओतली. सगळे मोठे. दुसरी. सगळे मोठे. तिसरीही तशीच. पाचवीनंतर त्यांनी उघडायचं थांबवलं आणि तिथंच जमिनीवर बसल्या, ओल्या फरशीवर.

"का?"

मी सांगितलं. पंच, काकाचं जाळं, महिनाभर, सगळं. त्या ऐकत होत्या.

"तू त्यांना वाचवत होतास?"

"हो."

"ते मेलेले होते, दिलीप."

"हो, मॅडम."

जाळं ओढायचं यंत्र वरती डेकवर घरघरत होतं. मला वाटलं, आता ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या फरशीकडं पाहत हळू बोलू लागल्या, जणू वर्गात शिकवत आहेत. क्रिलला हिवाळ्यात खायला मिळालं नाही की तो कात टाकतो, आणि दर कातीला आधीपेक्षा लहान होतो. नर-मादीच्या खुणाही पुसट होतात. पिल्लासारखाच दिसू लागतो. पण डोळा लहान होत नाही. जगात असा जीव आहे जो वाढून पुन्हा लहान होतो, हे ऐकून मी बसलो होतो तसाच राहिलो. आपल्याकडं माणूस वाळतो, पण उंचीला कमी होतो का?

"हे मला माहीत होतं," मॅडम म्हणाल्या. "पुस्तकात आहे. मी स्वतः मुलांना शिकवते. आणि त्या कागदावर पिल्लांचा आकडा दिसला तेव्हा मी वाकून एक क्रिल उचलला नाही. मला पिल्लं हवी होती."

मग त्या उठल्या, तोंडावर पाणी मारलं आणि कप्तानाकडं गेल्या. बोट परत फिरायला चार दिवस होते. झालेली अकरा ठाणी आता गाठणं शक्य नव्हतं, बर्फ सरकून आला होता. मिळेल तिथं जाळं टाकायचं ठरलं. पहिल्यांदा टाकलं, नुसतं पाणी. दुसऱ्यांदा वारा असा सुटला की चौकट वाकली, मी सहा तास बर्फाच्या फवाऱ्यात बसून जाळं सांधलं. फ्रान्सिस मागं उभा राहून मला दोरी देत होता आणि कोकणीत शिव्या देत होता, मला की वाऱ्याला कोण जाणे. तिसऱ्यांदा पडद्यावर डाग आला. जाळं वर आलं ते गच्च भरून.

या वेळी मॅडम स्वतः बसल्या. मी आधी डोळा पाहायचो, मग पट्टी. त्या सूक्ष्मदर्शकाखाली डोळ्याचं माप घ्यायच्या. निळ्या टबातल्या दहांत एखादंच खरं पिल्लू निघालं. बाकी सगळे भुकेले जुने.

मॅडमनी दुसरा मेल लिहिला आणि मला वाचून दाखवला, इंग्रजीतून हिंदीत करून. पहिली बातमी मागं घेत आहे. पिल्लं नाहीत, उपासमार आहे असं दिसतं. अकरा ठाण्यांचा नमुना निवडताना माझ्याकडून चूक झाल्यामुळे त्या जागा रिकाम्या समजाव्यात.

"माझं नाव टाका, मॅडम. चूक माझी आहे."

"बोटीच्या यादीत तुझं नाव जाळेवाला म्हणून आहे. निवडणाऱ्याच्या जागी शशांकनंतर माझं आहे." आणि त्यांनी बटण दाबलं.

परतीच्या वाटेवर मी तीनदा विचारलं, मॅडम, तुमचं काही नुकसान तर होणार नाही? तिन्ही वेळा त्या म्हणाल्या, "छे रे," आणि दुसरंच काहीतरी बोलू लागल्या. मीही मानून घेतलं. मानायचंच होतं मला.

पुढच्या उन्हाळ्यात त्यांचा फोन आला. त्यांना मायला भेटायचं होतं. निवडणाऱ्यांसाठी एक छोटी पुस्तिका लिहीत होत्या, आणि सुपात नुसती नजर टाकून बाई जुना-नवा कसा ओळखते, ते त्यांना बसून पाहायचं होतं. मी गोंदियाच्या स्टेशनवर आणायला गेलो. गाडीत त्यांनी सांगितलं, पुढच्या सफरीला नवे प्रमुख आहेत, त्यांनी तुला मागून घेतलं आहे, हो म्हण. मी विचारलं, "आणि तुम्ही?" त्या म्हणाल्या, "या वेळी मी प्रयोगशाळेत." मी हो म्हटलं. खिडकीबाहेर पाहत म्हटलं.

माय अंगणात होती. मॅडम तिच्यासमोर मांडी घालून बसल्या. मायनं त्यांना डोक्यापासून पायापर्यंत पाहून घेतलं.

"तुमीच का जी ह्याच्या मॅडम?"

"हो, आई."

"ह्याले निवडाले कोनं बसोलं?"

"मीच."

"तं अर्धी चूक तुमची होय. हा पोट्टा कधी सुपाजवर आला नाही. त्याले काय समजते?"

मॅडम हसल्या. मीही हसलो. माय हसली नाही. तिची बोटं सुपात चालूच होती, मोठे इकडं, लहान तिकडं, मधूनच एखादा उचलून तिसरीकडं.

"ह्याच्या हातानं तुमचं नुकसान झालं म्हनते. झालं का?"

मला वाटलं, आता "छे हो" म्हणतील.

"हो," मॅडम म्हणाल्या. "झालं."

"काय झालं?"

"बोट माझ्याकडून काढून घेतली. वीस वर्षं मी जात होते. आता बहुतेक जाणार नाही."

मी खांबाला धरून उभा होतो. इतके महिने जे ऐकायचं टाळलं, ते मायनं एका प्रश्नात काढून घेतलं होतं.

"आन् हा?"

"तो जातोय. मीच सांगितलं त्याला, जा म्हणून."

मायची बोटं थांबली.

"तुमी तं सांगालच जी. त्यानं काऊन हव म्हनलं?"

मॅडमनी माझ्याकडं पाहिलं, मायनं पाहिलं नाही. मला पुष्कळ उत्तरं सुचली. बहिणीचं शेवटचं वर्ष आहे. मी नाही गेलो तर निवडायला कोण बसेल, डोळा कोण पाहील? नाही म्हटलं तर मॅडमनाच वाईट वाटेल. सगळी खरी होती. मी मॅडमची पिशवी उचलून आत नेऊन ठेवली.

जेवणं झाल्यावर मॅडमनी पिशवीतून बोटीचा फॉर्म काढला. इंग्रजी मला अजून नीट येत नाही, म्हणून त्याच भरत होत्या, मी एकेक उत्तर सांगत होतो. शेवटी एक रकाना होता, या माणसाच्या कामाची खात्री कोण देतं? त्यांनी मला काही विचारलं नाही. तिथं स्वतःचं नाव लिहिलं, सावकाश, पूर्ण, आणि कागद फिरवून पेन माझ्या हातात दिलं.

माय दारात येऊन उभी राहिली होती. मी सही केली.